वरचे काका

त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. अंधार इतका अंगवळणी पडला होता, की दिवसाउजेडी रस्त्यावर आले की त्यांना सगळंच जरा खोटं वाटायचं. झाडं उगाच हिरवी, माणसं उगाच जवळ. खाली तिकीट खिडकीवर त्यांची बायको बसे. ती दिवसभर गिऱ्हाइकांशी बोले आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या वाटचंही बोलून घेई, त्यामुळे संसारात कोणाचंच काही अडत नसे. मूलबाळ नव्हतं.

एका शनिवारी मालकांनी त्यांना खाली बोलावून घेतलं.

“उद्यापासून रविवारी सकाळी दार उघडायला यायचं,” मालक म्हणाले. “ख्रिस्ती मंडळी आहे एक. इतके दिवस शिंप्याच्या दुकानात उपासना करायचे. आता तिथे मावत नाहीत.”

“किती जण आहेत?”

“एका रांगेत बसतील एवढे.”

“मग मावत का नाहीत?”

“शिंप्याला विचार,” मालक म्हणाले, आणि विषय मिटला.

रविवारची सकाळ म्हणजे ऑपरेटरची झोपेची सकाळ. जाणं अगदी जिवावर आलं, पण गेले. दार उघडलं आणि कोणी यायच्या आत मागच्या लोखंडी जिन्यानं वर जाऊन बसले. बायकोही बरोबर आली होती. घरी एकटीनं भिंतींशी काय बोलायचं, म्हणून.

वरच्या चौकोनी झरोक्यातून त्यांनी पाहिलं. शिंपी आला, रात्रपाळी संपवून आलेली नर्स आली, बसचा ड्रायव्हर आणि त्याची बायको आली, एका छत्रीत दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. सगळे पुढच्या रांगेत बसले, आणि त्यांच्या मागे रिकाम्या खुर्च्या अंधारापर्यंत पसरत गेल्या. पाळक तरुण, उंच, काहीतरी घरी विसरून आल्यासारख्या चेहऱ्याचा. त्यानं बायबल उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. हॉलमधले दिवे असे मिणमिणते, की अक्षर लागेना. शेवटी त्यानं मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं, “वर कोणी आहे का?”

“पाळकसाहेब,” शिंपी हळूच म्हणाला, “तुम्हीच असं विचारायला लागलात, तर आम्ही कोणाकडे बघायचं?”

सगळे खळखळून हसले. ऑपरेटरनं रीळ न चढवताच प्रोजेक्टर लावला. पांढऱ्या प्रकाशाचा झोत हॉलभर पसरला, पाळकाच्या हातातल्या पानावर पडला, आणि मागच्या पडद्यावर त्याची सावली दोन मजले उंच झाली. पाळक तिला बघून दचकला आणि एक पाऊल बाजूला सरला. मग त्यानं वाचायला सुरुवात केली.

त्यानंतर दर रविवारी असंच होऊ लागलं. झोतात धूळ तरंगायची, खालून गाणं उठायचं, आणि ऑपरेटरना वाटायचं की सूर त्या धुळीवर पाय ठेवत ठेवत वर येतोय. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत आदल्या रात्रीच्या सिनेमातल्या होड्या पाळकाच्या खांद्यावरून निघून जायच्या, कोणीतरी पाण्यावर चालत यायचं, आणि ते सिनेमातलं की उपदेशातलं हे त्यांना कळायचं नाही. कळावं असंही वाटायचं नाही. जाग यायची तेव्हा “आमेन” झालेलं असायचं.

वर्षं सरली. पुढच्या रांगेमागे दुसरी रांग भरली, मग तिसरी. नर्सनं दवाखान्यातल्या मैत्रिणी आणल्या. ड्रायव्हरच्या बसनं रोज जाणारे दोघे-तिघे एकदा त्याच्या मागोमाग आले ते येतच राहिले. लग्नं लागली, पाळणे हलले. मुलांची शाळा तिकीट खिडकीपाशी भरू लागली. ऑपरेटरची बायको आत बसून खिडकीच्या भोकातून गोष्टी सांगायची आणि गोष्ट नीट ऐकणाऱ्याच्या हातावर गोळी ठेवायची. मुलं गोष्टीपेक्षा त्या भोकाकडेच जास्त लक्ष द्यायची.

एकदा पाळक उपदेशात म्हणाला, “तुम्ही कुठेही लपा, वरचा सगळं बघत असतो,” तेव्हा सगळी मुलं एकदम मागे वळली आणि झरोक्याकडे बघू लागली. त्या दिवसापासून ऑपरेटर ‘वरचे काका’ झाले. पण त्यांचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता. दार उघडून ते वर जायचे, आणि हॉल रिकामा झाला की मगच उतरायचे.

“अहो, मी आज खाली बसते,” एका रविवारी बायको म्हणाली. “उगाच आपलं.” मग ती दर रविवारी खालीच बसू लागली, शेवटच्या रांगेत. एके दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “मला बाप्तिस्मा घ्यायचाय.”

“मग घे की.”

“आणि तुम्ही?”

ऑपरेटर कप विसळत होते. तो त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ विसळला. “मला वरूनच बरं दिसतं,” ते म्हणाले.

इकडे सिनेमाला माणूस फिरकेनासा झाला. “ऑपरेटर, रविवारी सकाळी कुठलं चित्र लावतोस?” मालक विचारायचे. “तेच रोज लाव ना!” पुढे मालक थकले, त्यांनी थिएटर बंद केलं, आणि ती वास्तू मंडळीनंच घेतली. त्या आठवड्यात सगळे कामाला लागले. ड्रायव्हर शिडीवर चढला, नर्सनं पदर खोचला, शिंप्यानं पडदा असा जपून उतरवला जणू त्याचे कपडेच शिवायचे होते.

पडद्यामागे भिंत होती, आणि भिंतीत विटांनी बुजवलेल्या तीन उंच खिडक्या. कधीकाळी तिथे सुताचं गोदाम होतं. थिएटर झालं तेव्हा उजेड नको म्हणून त्या बुजवल्या होत्या. विटा फोडल्या आणि सकाळ आत आली. खुर्च्यांचा लाल रंग लाल दिसू लागला. सगळे एकदम बोलू लागले.

वर केबिनमध्ये ऑपरेटर बटणावर हात ठेवून उभे होते. कोणी हाक मारली नाही. मारायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी प्रोजेक्टरवर कापड टाकलं आणि मागच्या जिन्यानं घरी गेले.

पुढचे काही रविवार ते घरीच राहिले. “झोपा हो खुशाल, आता कोण उठवतंय,” बायको मायेनं म्हणाली, आणि तेच त्यांना लागलं. झोप काही येईना. या कुशीवरून त्या कुशीवर. लांबून गाण्याचा भास व्हायचा, कान द्यावा तर रस्त्यावरची गाडी निघायची. शेवटी एका रविवारी ते उठले, सदरा बदलला आणि चालू लागले.

सवयीनं पाय लोखंडी जिन्यावरच गेले. झरोक्यातून खाली पाहिलं. सगळ्या पाठी ओळखीच्या होत्या. नर्सच्या मानेवरचा तीळ, ड्रायव्हरचं वाढतं टक्कल, दोघी बहिणींचे पांढरे अंबाडे, एक जरा उजवीकडे कललेला. शेवटच्या रांगेत बायको. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिनं पिशवी ठेवली होती, आणि कोणी बसायला आलं की ती मानेनंच नाही म्हणत होती.

ऑपरेटर खाली उतरले. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसले. बायकोनं समोरच बघत त्यांचा हात धरला. त्यांच्या अगदी पुढ्यातल्या रांगेतल्या दोन बहिणींपैकी धाकटी वळली, चष्मा वर करून त्यांच्याकडे बघू लागली.

“नवीन आलात का?”

“हो,” ऑपरेटर म्हणाले. “आजच खाली आलो.”

“बरं झालं. मंडळी चांगली आहे आमची. फक्त पाळकसाहेब जरा लांबवतात.”

एवढ्यात एका मुलीनं ओळखलं. ‘वरचे काका’ अशी कुजबूज रांगेरांगेतून पुढे गेली, आणि माना वळू लागल्या. इतक्या वर्षांत पाठीच पाहिलेल्या माणसांचे चेहरे त्यांना एकदम दिसले. नर्सच्या गालाला खळी पडते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. उठून जावंसं वाटलं, पण मांडीवर पिशवी होती आणि हात बायकोच्या हातात.

पुढच्या वर्षी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. केबिनला त्यांनीच चुना लावला, सतरंजी अंथरली. तान्ह्या मुलांच्या आया आता तिथे बसतात. शनिवारी दुपारी ते हॉलची फरशी पुसतात. उतार असल्यामुळे पाणी आपोआप पुढे वाहत जातं, त्यावर खिडक्यांचं ऊन सावकाश सरकतं, आणि ते फडकं हातात धरून नुसते बघत राहतात. सायंकाळी गाण्याच्या सरावाला आलेली पोरं चपला हातात घेऊन दाराशी थांबतात.

“या,” ते आतून म्हणतात, “वाळली.”