शनिवारी न हलवलेला गुरुवार

आमच्या मंडळात सगळे सण शनिवारी येत. गणपती पंचांगात कधीही बसो, आमचा शनिवारी बसायचा आणि रविवारी दुपारची जेवणं झाली की उठायचा. दिवाळी म्हणजे चर्चचा हॉल मोकळा असेल तो शनिवार. संक्रांतीचं हळदीकुंकू एका वर्षी फेब्रुवारी संपता संपता झालं, तरी कोणी कुरकुर केली नाही. आठवडाभर जो तो कामात, स्टुटगार्टच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचं तर तासभर जातो, मुलांच्या शाळा असतात. या तारखा ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. कंपनीतही मी सुट्या भागांच्या पुरवठ्याचं वेळापत्रकच बघायचे, त्यामुळे ते मला जड जात नसे.

आम्ही तेव्हा स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. समोरच्या दारात एक अमेरिकन जोडपं आलं होतं. नवरा गाड्यांच्या कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर, बायको घरी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती कागद-पेन घेऊन माझ्याकडे आली. थँक्सगिव्हिंगचा बेत करायचा होता. तिकडे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी सगळं बंद असतं, माणसं लांबलांबून घरी येतात, एकत्र जेवतात आणि वर्षभरात जे मिळालं त्याचे आभार मानतात. तिचा इथला हा पहिलाच नोव्हेंबर. नवऱ्याचे दोन सहकारी बायकांसह, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातलं एक अमेरिकन कुटुंब आणि खालच्या मजल्यावरचं जर्मन जोडपं, अशी माणसं तिने बोलावायची ठरवली होती.

असल्या कामात मला हुरूप येतो. त्या जेवणाला अख्खा भाजलेला टर्की पक्षी लागतो; तो इथल्या दुकानात सहसा दिसत नाही, तुकडेच मिळतात. खाटकाकडे आधी सांगून ठेवावं लागतं. आधी टेप घेऊन आम्ही तिचा ओव्हन मोजला. तिच्या मनातला पक्षी त्यात मावला नसता. मग खाटकाला फोन करून लहान सांगितला. त्यांच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थासाठी लागणारा डब्यातला भोपळ्याचा गर इथे मिळत नव्हता, म्हणून तिला लाल भोपळा वाफवून गाळायला शिकवलं, आपण घारग्यांना करतो तसा. एवढं झाल्यावर मी म्हटलं, "आता एकच बदल कर. गुरुवारऐवजी शनिवार ठेव. गुरुवारी इथे कोणालाच सुट्टी नाही."

ती म्हणाली, "शनिवारी केलं तर ते नुसतं जेवण होईल."

मी वाद घातला नाही. पाहुणेच तिला ते सांगतील याची मला खात्री होती.

त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळी मी कामावर निघाले की त्या खिडकीशी बसत, दुपारी खाली चक्कर मारत आणि दारांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून कोण कुठे राहतं ते ठरवत. समोरच्या बाईला त्या नुसतं 'समोरची' म्हणायच्या.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, पुढच्या गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. मी मांडीन म्हणते."

मी लक्ष्मीचे गुरुवार कधी केले नव्हते, पण त्या लग्न झाल्यापासून करत होत्या. दिवसभर उपास, पाटावर तांदूळ, त्यावर कलश, पाच प्रकारच्या झाडांची पानं, वर नारळ. संध्याकाळी पोथी आणि नैवेद्य. शेवटच्या गुरुवारी सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या. मागच्या वर्षी सासरे गेल्यामुळे काहीच केलं नव्हतं.

"मांडा की," मी म्हटलं. "काय काय लागेल ते सांगा, मी आणते."

"सामान नको गं. माणसं हवीत. तुझ्या मंडळातल्या दोघी-चौघींना बोलावशील?"

"पण आई, तुम्ही तर शेवटच्या गुरुवारी बोलावता ना?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "शेवटच्या गुरुवारी मी पुण्यात असेन. श्रावणात शेजारच्या बिऱ्हाडात जिवतीचं हळदीकुंकू झालं. बायका माझ्या दारावरून गेल्या, मला आत ऐकू येत होतं. कोणी वाईट वागलं नाही. त्यांना वाटलं असेल, हिला कशाला बोलवायचं, उगीच वाईट वाटेल. आता मी माझ्याकडे बोलावलं तर येतील की नाही कोणास ठाऊक. इथे एकदा माझ्या घरी कोणी येऊन बसलं, तर तिथे जाऊन दारं वाजवायला धीर येईल मला." आणि लगेच, "हळदीकुंकू तू लाव. मी नाही लावणार. मी बसेन."

मी जेवणं झाल्यावर फोन घेऊन बसले. पहिली म्हणाली, "गुरुवारी? अगं पोरांचं स्विमिंग असतं. शनिवारी ठेव ना, सगळ्या येऊ." दुसरीला शुक्रवारी सकाळी कसलीशी मीटिंग होती. तिसरी जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू स्वतः करणार आहेत का? नाही, म्हणजे आपलं विचारलं." चौथी शनिवारीच म्हणाली.

सासूबाई स्वयंपाकघरातून माझ्या बाजूचं सगळं ऐकत होत्या. "काय म्हणतात?"

"शनिवारी येतो म्हणतात. आई, शनिवारी करू या का? एवढं काय त्यात? सगळेच करतात इथे."

"गुरुवारचं व्रत शनिवारी? मग मारुतीलाच तेल वाहते की!" त्या हसल्या, पण पुढे गंभीरपणे म्हणाल्या, "शनिवारी आल्या तर त्या तुझ्याकडे आल्या. तू बोलावलंस, सोय पाहिलीस, आल्या. माझं मी गुरुवारी मांडणार. कोणी येवो न येवो."

मी समोरचीकडे जे ऐकलं होतं तेच जवळपास घरात ऐकत होते. पण तेव्हा मला ते फक्त अडचणीचं वाटलं: दोन हट्टी बायका, एकच वार आणि दोघींच्या पाहुण्यांना न जमणारा.

समोरचीचे पाहुणेही अपेक्षेप्रमाणे गळाले. लुडविग्सहाफेनवाल्यांच्या मुलांची शाळा, सहकाऱ्यांची सकाळची पाळी. आणि ऐन आठवड्यात तिच्या नवऱ्यालाच कंपनीने शुक्रवारपर्यंत बाहेरगावी पाठवलं. बुधवारी सकाळी जिन्यात भेटली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "शनिवार ठरला," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं." खाटकाला तिच्यासाठी फोन मीच केला. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, शनिवारी सकाळी तयार ठेवतो. इथली माणसं कामाला चोख.

त्याच दिवशी दुपारी मी लवकर घरी आले तर सासूबाई घरात नव्हत्या. खिडकीतून पाहिलं तर त्या मागच्या अंगणात होत्या, साडीवर माझा जाड कोट, डोक्याला मफलर. पाच झाडांची पानं शोधत होत्या आणि झाडं तर बोडकी झालेली. पलीकडे समोरची टोपली घेऊन तिच्या टेबलावर मांडायला लाल-पिवळी पानं वेचत होती. मी खाली पोचेपर्यंत त्यांची भाषा ठरून गेली होती. समोरची एकेक पान वर धरायची, सासूबाई मानेने हो किंवा नाही सांगायच्या. वाळकं पान नाही. किडकं नाही. कुंपणाचं हिरवं जाड पान चालेल, भिंतीवरची आयव्ही चालेल. सूचिपर्णी झाडाच्या डहाळीवर त्या अडल्या.

"हे पान म्हणायचं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"हिरवं आहे, झाडाला येतं. चालवून घ्या."

"चालवून घ्या म्हणे. तुझ्या मंडळासारखं!" पण घेतली.

समोरचीने मला विचारलं की हे कशासाठी. मी थोडक्यात सांगितलं: उपास, पूजा, संध्याकाळी बायका येतात, पण यंदा कोणाला जमत नाही.

"कधी आहे?"

"उद्या. गुरुवारी."

"गुरुवारी," ती म्हणाली आणि सासूबाईंकडे असं काही पाहिलं की जणू शाळेतली मैत्रीण सापडली. "मग मी येऊ का? माझं टेबल रिकामंच आहे."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ये म्हणावं. आणि जेवूनच जा म्हणावं."

गुरुवारी मी कामावरून आले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. हॉलमध्ये हीटरपासून लांब, कोपऱ्यात पाट मांडला होता. सुपरमार्केटमधल्या नारळाला शेंडी नव्हती, तरी तो ऐटीत बसला होता. सासूबाईंनी पुरण घातलं होतं, मी आल्यावर पोळ्या लाटल्या. सहाला समोरची आली, चांगला निळा ड्रेस घालून, हातात तो भोपळ्याचा 'पाय'.

सासूबाईंनी वास घेतला. "अंडं आहे का गं यात?"

"आहे."

"मग ते तुम्ही खा. तिला म्हणावं, वास फार छान आहे."

पोथी वाचली. समोरची मांडी घालून शेवटपर्यंत बसली, अधूनमधून पाय बदलत. नैवेद्य दाखवला. मग ती म्हणाली की त्यांच्याकडे जेवायच्या आधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगतो. आईंना विचार ना. ती मी म्हणते तसं 'आई'च म्हणायची.

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, सकाळपासून पोटात काही नाही. आधी पान वाढ, मग हवे तेवढे आभार मानते."

मी तसंच्या तसं सांगितलं आणि समोरची इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणं झाली. हळदीकुंकवाचं तबक पाटाजवळ, सासूबाईंच्या बाजूला होतं. समोरचीला काय करायचं ते मी आधी सांगितलं होतं: कपाळाला लावतील, मग नारळ-साखर देतील. कोण लावेल हे सांगायचं राहिलं. ती उठली, माझ्यासमोरून गेली आणि सासूबाईंपुढे गुडघ्यावर बसून कपाळ पुढे केलं. पूजा त्यांची, घरात वडील त्या. तिला दुसरं काही सुचण्याचं कारण नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात रिकामे होते, मी दोन पावलांवर होते. एरवी कोणी ताट पुढे करायच्या आत मी ते घेतलेलं असतं. त्या दिवशी मी जागची हलले नाही.

समोरची डोळे मिटून थांबली होती. सासूबाईंनी करंड्यात बोट घातलं आणि तिच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. लहान मुलीला लावतात तसं मोठं, ठसठशीत. समोरचीने डोळे उघडले, तबकाकडे पाहिलं आणि बोट पुढे करून मला विचारलं, "आता मी आईंना लावायचं?"

"मला नको," सासूबाई म्हणाल्या. प्रश्न समजायला त्यांना भाषा लागली नाही. "हिला लाव."

समोरचीने मला कुंकू लावलं, जरा भुवईजवळच. सासूबाईंनी ते पदराच्या टोकाने नीट केलं. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. मी त्यांना एकटीला घासू दिली.

शनिवारी मंडळातल्या चौघी आल्या, हातात फुलं आणि मिठाई. सासूबाईंनी सगळ्यांना चहा-पोहे केले, मुलांची चौकशी केली. एकीने पाटाच्या जागेकडे पाहून विचारलं, "काकू, पूजा?"

"ती गुरुवारी झाली," त्या म्हणाल्या. "पोहे घे अजून."

त्याच वेळी समोरच्या दारात माणसांचा गलका होता, टर्कीचा वास जिन्यात पसरला होता. समोरचीने दोनदा बोलावलं, पण सासूबाई गेल्या नाहीत. "तिचंही गुरुवारीच झालं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी ती न बोलावता आली, त्या वेळी भाजलेली सफरचंदं घेऊन. अंडं नाही हे तिने दारातच सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाई पुण्याला परतल्या. विमानतळावर बॅगेच्या वजनापेक्षा मला चौथ्या, म्हणजे शेवटच्या गुरुवारची काळजी होती. त्या गुरुवारी कामावरून लवकर निघून कॉलिंग कार्ड घेतलं आणि फोन लावला, तिथे तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बराच वेळ वाजत राहिला. मग त्यांनी उचलला, मागे भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज.

"आई, आल्या का कोणी?"

"अगं, नंतर कर फोन," त्या घाईने म्हणाल्या. "मसाल्याचं दूध कमी पडलंय. वरच्या मजल्यावरची तिच्या घरचं आणायला गेली आहे."