छावणीच्या फोटोंची जागा

दुष्काळाच्या त्या वर्षी मी केजजवळच्या एका सहकारी दूध संघात संगणकाचं काम बघत होते. या कामाला माणूस मी एकटीच. संघाने जनावरांसाठी छावणी उघडली होती. रोज प्रत्येक जनावराचा फोटो सर्व्हरवर चढायचा आणि मगच त्याच्या चाऱ्याची चिठ्ठी निघायची.

सर्व्हर बसवताना मी घाई केली होती. अख्ख्या डिस्कचं एकच पार्टिशन केलं, म्हणजे वेगळे भाग पाडलेच नाहीत. सिस्टीम, दुधाच्या नोंदी, फोटो, सगळं त्यातच. एका सकाळी फोटोंनी डिस्क भरली आणि सर्व्हर अडला. दुधाची नोंद थांबली, चिठ्ठ्याही थांबल्या.

मी जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवत बसले. दुपार होत आली तेव्हा घाटनांदूरकडून दोन गाई घेऊन आलेली एक म्हातारी खिडकीशी उभी राहिली.

"बाई, तुमचं मशीन भरलं म्हनून माझ्या गाईंनी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

जागा मोकळी होताच मी तिच्या गाईंच्या चिठ्ठ्या आधी काढल्या. पण हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर डिस्कची नवी आखणी करून व्यवस्थापक साहेबांपुढे ठेवली. सिस्टीम वेगळी, दुधाच्या नोंदी आणि चिठ्ठ्या वेगळ्या, फोटो वेगळे. पाव डिस्क मी कुणालाच दिली नव्हती.

"एवढी रिकामी कावून ठेवली? फोटोलाच देऊन टाका की."

"साहेब, मी निवडलेल्या फाइल सिस्टीममध्ये कुठल्याही भागाची जागा चालू सर्व्हरवर वाढवता येते, पण वाढवल्यावर कमी करता येत नाही. पुढे कुणाला लागेल ते आज सांगता येत नाही."

"आन् फोटोची जागा भरली तर?"

"फोटो थांबतील, बाकी चालू राहील. फक्त चिठ्ठी फोटोसाठी अडणार नाही, एवढी परवानगी द्या. फोटो मागून चढेल."

साहेबांनी कागदावर सही केली. रविवारी सकाळचं दूध संकलन झाल्यावर मी बॅकअप दोनदा तपासला, डिस्क पुसली आणि संध्याकाळच्या दुधाआधी सर्व्हर पुन्हा उभा केला. कुठलंही पार्टिशन भरत आलं की माझ्या फोनवर संदेश यावा, अशी सोयही केली.

पुढे छावणीत जनावरं वाढली. पहिला संदेश आला तेव्हा मी एसटीत होते, बहिणीकडे निघालेली. पुढच्या थांब्यावर उतरले आणि केजकडे परतणारी जीप धरली. राखलेल्या जागेतून फोटोंचं पार्टिशन वाढवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर चिठ्ठ्यांची रांग सरकतच होती.