जुमआन मिस्त्रीची साक्ष

जुमआन मिस्त्रीच्या हातावर गाडी पाडली तेव्हा मी पंधरा पावलांवर उभा होतो आणि जागचा हललो नाही. हज्मच्या बाजारात माझं टायरचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून. बारा वर्षांचा शेजार.

सौदीने तिथे कामाला गेलेल्या आमच्या लोकांना हाकललं त्या साली तो पान्यांची एक पेटी घेऊन परतला. आमच्या जौफ प्रांतात रस्ता म्हणावा असा नाहीच. वाळू, दगड, आणि वर डोंगरात पाऊस झाला की कोरड्या पात्रांतून पूर. चाकांची बेअरिंगं इथे वर्ष काढत नाहीत. जुमआन चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवायचा, मग फिरवून स्प्रिंगवर तळहात ठेवायचा. तो म्हणाला 'खरखरतंय', की खरखरत असायचंच. चाकामधला हब उघडून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचा, एकेक रोलर बोटाने चाचपायचा, तळहातावर काळं ग्रीस घेऊन ते पलीकडून बाहेर येईपर्यंत आत दाबायचा. शेवटी दोन नटांमधल्या पत्र्याच्या वॉशरचा एक कान आत वाकवायचा, एक बाहेर. ते कान वाकवले नाहीत तर नट धावत्या गाडीत आपोआप फिरतो.

कूळ कारागिराचं. कमरेला जंबिया नाही, खांद्याला बंदूक नाही. अशा माणसावर आमच्यात कोणी हात उचलत नाही, उचलला तर ती काळी लाज. त्याला शेख हिझामच्या टोळीचं अभय होतं.

त्या वर्षी पुरानंतर आठवड्याने मुसफिर नावाच्या पोराची लँडक्रूझर घळीत कोसळली. पुढचं डावं चाक सुटून गेलं होतं. बावीस वर्षांचा मुसफिर गाडीखाली चेपला. त्याच चाकाचं काम महिन्यापूर्वी जुमआनने केलं होतं.

पोराला पुरलं आणि दुसऱ्या दुपारी त्याचा थोरला भाऊ नाजी दोन चुलतभावांना घेऊन आला. जुमआन एका पिकअपखाली आडवा होता. नाजीने शांतपणे विचारलं, "कोणत्या हाताने आवळलास रे नट?"

जुमआन बाहेर यायला लागला तर एकाने मानेवर पाय दिला. नाजीने पुन्हा विचारलं. जुमआनने खरं सांगितलं, उजव्या. दोघांनी तो हात ओढून चाक काढलेल्या ब्रेकच्या ड्रमखाली धरला आणि नाजीने जॅकला लाथ घातली. तीन बोटं जागच्या जागी गेली. ओरडतो म्हणून पान्याने त्याचे पुढचे दात पाडले. जाताना नाजी माझ्यासमोर थांबला. पाहिलंस ना, म्हणाला, सांग सगळ्यांना. मी मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत हिझामच्या माणसांनी नाजीच्या घरावर गोळ्या झाडल्या. एका चुलतभावाची मांडी फुटली. हिझामचा पुतण्या छातीत गोळी लागून मेला. तीन दिवस बाजार बंद. चौथ्या दिवशी मध्यस्थांनी दोन्हीकडच्या बंदुका ठेव म्हणून घेतल्या आणि सगळ्यांना झाडाखाली बसवलं. साक्षीला मलाही बोलावलं होतं. नाजीचं म्हणणं एकच, मिस्त्रीने माझा भाऊ मारला, हात ही स्वस्त किंमत झाली.

हिझामने मुसफिरच्या गाडीचा मोडका हब आणवला. बघ आणि सांग, एवढंच जुमआनला म्हणाला.

जुमआनने डाव्या हाताने झाकण काढलं. आत मोडून राहिलेला लोखंडी दांडा जळून निळा पडला होता, रोलर वितळून चिकटले होते. वॉशर निघाला, त्याचे दोन्ही कान सपाट. त्याने झाकणात उरलेलं ग्रीस बोटावर घेऊन हुंगलं, बराच वेळ पाहिलं आणि बोट सदऱ्याला पुसलं.

"शेख, मला काही कळत नाही."

"तुझ्या हातासाठी माझा पुतण्या गेला," हिझाम म्हणाला. "कळत नाही असं मला सांगू नकोस."

जुमआन खाली बघत बोलला. "माझ्यानंतर हा हब कोणीतरी उघडलाय. माझं ग्रीस काळं. हे पिवळं आहे, विहिरीच्या पंपाला लावतात ते. वॉशरचे कान वाकवलेले नाहीत."

कोणी विचारायच्या आधीच शायिफ उठला. शायिफ म्हणजे नाजी-मुसफिरचा सख्खा मामा, विहिरीवाला, पन्नाशीचा, साधा माणूस. पुरात चाकं बुडाली होती, तो सांगू लागला, पोरगा म्हणाला मामा आवाज येतोय, म्हणून मी उघडलं, पुसलं, नवं ग्रीस भरलं. नट चांगला घट्ट बसवला होता. मग त्याने नाजीकडे पाहिलं. "त्या वॉशरचं मला ठाऊक नव्हतं रे."

"आणि इतके दिवस गप्प का बसलास?" नाजीने विचारलं.

"भ्यालो."

बंदुका ठेवल्या होत्या, जंबिये मात्र टोळीवाल्यांच्या कमरेलाच होते. नाजीने मामाच्या बरगड्यांखाली एकदा आणि मानेत एकदा जंबिया मारला. शायिफ उभा होता तसाच कलंडला. त्याचं रक्त हबवर आणि जुमआनच्या मांडीवर आलं. तहाच्या बैठकीत, मध्यस्थांच्या देखत. कोणाला हलायचं सुचेपर्यंत नाजी गाडीत बसून उत्तरेला निघून गेला होता.

महिन्याभराने नाजीची आई गालिया गॅरेजवर आली. एक मुलगा पुरलेला, एक परागंदा, भाऊ मुलाच्या हातून मेलेला. ती माझ्या टायरांच्या ढिगावर बसली.

"मिस्त्री, शायिफ तुझा भाऊ असता तर खरं बोलला असतास?"

"नाही, खाला."

तिने मान हलवली. मग त्याचा हात मागितला, फडकं सोडून बोटांचे थुटके पाहिले, फडकं परत नीट बांधलं आणि गेली.

दोन वर्षांनी शायिफच्या मुलांनी नाजीला उत्तरेकडच्या सादा शहराच्या बाजारात गाठलं. तो चघळायला गातची पानं घेत होता, पाठीत सहा गोळ्या. बातमी आली तेव्हा जुमआन एका चाकापाशी बसला होता. त्याने पाना खाली ठेवला, हात धुतले, आणि शोकाला निघाला. मी बरोबर गेलो. गालियाने आम्हाला आत घेतलं नाही. पण उन्हात उभे होतो तेवढ्यात एका बाईकडून पाणी बाहेर पाठवलं.