सबवूफरसाठी मिल बंद ठेवली

साळ्यानं माझ्या होम थिएटरला नावं ठेवली ती सगळ्या सासरच्या माणसांसमोर. कोण कुठं बसलं होतं, कोण किती हसलं, हे मी आजही सांगू शकतो. रागात माणूस विसरतो म्हणे. मला राग आला की सगळं पाठ होतं.

साळा नागपूरला असतो, बायकोहून मोठा. त्याच्याकडे असं थिएटर बरीच वर्षं आहे आणि ते दाखवताना तो आपल्याला चपला कुठं काढायच्या तेही शिकवतो. मी नवेगाव बांधच्या रस्त्यावर माझ्या राइस मिलला लागून घर बांधलं, त्यात एक खोली फक्त सिनेमासाठी ठेवली. मंडळी जमली तेव्हा मी हौसेनं पूल कोसळण्याचा एक प्रसंग लावला. पूल कोसळला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, स्वयंपाकघरातली भांडी वाजली. मला वाटलं, जिंकलो.

"जवाईबापू," साळा म्हणाला, "हा सिनेमा नाही, वरात आहे. घोडा कुठंय?"

सगळे हसले. तिथवर मी सोडून दिलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "आवाज समजायला कान लागतात. पोती उचलून ते येत नाहीत."

मी पोती उचलली आहेत. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये सात वर्षं. मग वजनकाट्यावर बसलो, मग धानाची दलाली केली, मग स्वतःची मिल टाकली. हे मी कधी लपवलेलं नाही. पण माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून ते मलाच ऐकवायचं? मी त्याच वेळी काहीतरी फेकून मारलं असतं, पण सासूबाई समोर होत्या. मंडळी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "दादा चुकलाच. पण भांडे खरंच वाजून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोनवर धरलं. पंधरा इंची सबवूफर, म्हणजे जाड आवाजाची पेटी, मी त्याच्याकडून दोनदा दारापर्यंत उठून जाऊन स्वस्तात घेतला होता. "घुमतो," मी म्हणालो, "परत घे." तो म्हणाला, "पेटी चांगली आहे, भाऊ. खोलीची लांबी-रुंदी सांगा." सांगितली. "चौरस खोलीत घुमणारच," तो म्हणाला. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, ज्याला फक्त माल खपवायचा असतो तो खोलीची मापं विचारत नाही. त्याच्या बोलण्यातलं निम्मं तरी खरं असणार.

मग मी वाचायला लागलो, व्हिडिओ बघायला लागलो. हळूहळू कळलं, घोळ बराचसा माझाच होता. पेटी मी कोपऱ्यात ठेवली होती. दोन भिंती मिळतात तिथं जाड आवाज दुप्पट फुगतो. आवाजाचा नॉब शेवटपर्यंत फिरवला होता, कारण पैसे पूर्ण दिले होते. आणि तिसरी गोष्ट तर हसण्यासारखी. सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. बसायच्या जागी तो ठेवला की यंत्र सगळ्या स्पीकरमधून आवाज काढून ऐकतं आणि प्रत्येकाचं माप स्वतः ठरवतं. मी तो माइक सोफ्याच्या गादीवर टाकला होता. वर पंखा गरगरत होता आणि भिंतीपलीकडे मिल धडधडत होती. यंत्रानं माझ्या थिएटरसोबत माझी मिलही मोजली होती.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोनं सांगितलं, येत्या रविवारी दादा येऊन राहिला, सगळेच येणार. मी त्याच क्षणी ठरवलं, या वेळी त्यानं ते वाक्य परत घेतलं पाहिजे. तेही सगळ्यांसमोर.

पण माप घ्यायला शांतता हवी आणि शांतता होती कुठं? इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचा उन्हाळी धान आला होता, मिल दोन पाळ्यांत चालत होती. गुरुवारी दुपारी मी जाऊन मिस्त्रीला सांगितलं, "मिल बंद करा."

मिस्त्री माझ्याहून वयानं मोठे. मिल टाकली तेव्हापासून यंत्रं तेच लावतात. त्यांना वाटलं, घरात कोणी गेलं.

"काऊन मालक? काय झालं?"

"गाणं ऐकायचं आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग मेन स्विच पाडला. हमालांना सुट्टी दिली, भरपगारी. ते हसत हसत गेले. माझ्या पाठीमागे काय बोलले असतील ते मला माहीत आहे, एके काळी मीही तेच बोललो असतो.

सबवूफरची जागा शोधायची एक सोपी रीत आहे. पेटी आपल्या बसायच्या जागी ठेवायची आणि आपण भिंतीच्या कडेनं रांगत फिरायचं. जिथं आवाज घट्ट आणि सारखा ऐकू येईल, तिथं नंतर पेटी ठेवायची. म्हणून ती माझ्या सोफ्यावर बसली आणि मी जमिनीवर. पंखा बंद. घामानं शर्ट पाठीला चिकटला. बायको दारात आली.

"त्या पेटीले सरबत देऊ का? जावयासारखी बसवली, म्हणून विचारलं."

"दार लाव."

मिस्त्री माझ्यामागोमाग घरात आले होते, आधी नुसते उभे राहून बघत होते. मग त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि दुसऱ्या भिंतीकडून तेही रांगायला लागले. दोन हातांचे तळवे फरशीवर टेकून थांबायचे, पुढं सरकायचे. "इथं निस्तं ढबढब करून राहिलं, मालक. दगड आला की मशीन असंच बोंबलते." आणखी पुढं गेले. "इथं पोकळ. काहीच नाही." डाव्या भिंतीशी, सोफ्याच्या जरा मागं आमची डोकी जवळजवळ आपटली. मी तिथंच थांबलो होतो, तेही तिथंच थांबले.

"हे चांगलं," ते म्हणाले. "लोडावर चाललेली मिल असते ना, तसं. गुमान."

मला तेव्हा समजलं, साळा किती चुकला होता ते. नीट लावलेली मिल चालू आहे हे आम्हाला कळतही नाही. बिघडली की कळतं. तांदूळ तुटायच्या आधी मिस्त्रींना आवाजावरून कळतं. वीस वर्षं आम्ही दोघं दुसरं काय ऐकत होतो?

पेटी त्या जागी आणली. मागच्या दोन कोपऱ्यांत पडद्याआड धानाच्या भुशाची पोती रचली. ती कल्पना मिस्त्रींची. घुमणं बरंच उतरलं. मग मी जाडा सूर लावून सोफ्यावर बसलो आणि मिस्त्री पेटीमागचा फेजचा नॉब कणाकणानं फिरवत राहिले. समोरच्या स्पीकरशी आवाज जुळला की तो भरतो, नाही जुळला की खचतो. "थांबा! जरा मागं. बस," मी सांगत होतो. शेवटी आवाज कमी केला. नॉब अर्ध्याच्याही खाली आणताना माझा जीव वरखाली झाला, पूर्ण पैशांची वस्तू अर्धीच वापरायची म्हणजे काय! पण आणला. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधून कानाच्या उंचीवर ठेवला, आम्ही दोघं बाहेर गेलो आणि यंत्रानं पहिल्यांदा फक्त माझी खोली मोजली.

रविवारी मिस्त्रींनाही जेवायला बोलावलं आणि सिनेमाला माझ्या शेजारी बसवलं. तोच पूल पुन्हा कोसळला. भांडी गप्प. पण आवाज पोटात उतरला आणि पुलाबरोबरच थांबला. मागे काही रेंगाळलं नाही. सासूबाई "बाई गं" म्हणाल्या.

साळा उठला. पडद्याच्या खाली वाकून बघितलं. समोरचे दोन्ही कोपरे बघितले. मागचा पडदा उचलला, तिथं भुसा.

"सबवूफर कुठं आहे?"

"शोधा."

"समोरूनच येऊन राहिला आवाज. भिंतीत बसवला काय?"

तो सोफ्याआडच्या पेटीपासून दोन हातांवर उभा राहून विचारत होता. मिस्त्रींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी बोट दाखवलं. त्यानं जाऊन पेटीला हात लावला, तेव्हा कुठं त्याला पटलं.

"मानलं," तो म्हणाला. "त्या दिवशी जरा बोलून गेलो."

"जरा?"

"बरं, जास्त बोललो."

"काय बोलला होतात?"

"आता कायले ते?"

"तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. त्यातले दोघं बाहेर ओसरीत आहेत, बोलावतो."

बोलावले. साळ्याचे कान लाल झाले. "जवाईबापूंना कान आहेत," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि मिस्त्रींना."

"आणि पोत्यांबद्दल?"

"ते मी चुकीचं बोललो. झालं?"

मला आणखी थोडं ताणता आलं असतं, गिऱ्हाईक हातात होतं. पण बायको म्हणाली, "आता सोडा ना त्याले." सोडला. निदान त्या दिवसापुरता.

जाताना गाडीत बसता बसता तो म्हणाला, "एकदा नागपूरला या. माझा पण लावून द्या, कधी कधी घुमते." त्यानंतर त्याचे तीन फोन आले. मी अजून तारीख दिलेली नाही. मिस्त्रींची सवड बघावी लागते, असं सांगतो.