टीव्हीची झालर

जुन्नरच्या एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर टीव्हीचा रिमोट होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला. मधूनच त्या तो पदरानं पुसत.

"दुकानात मेला बराबर चालतो, भाऊ, अन् घरी नेला की बंद. तिसऱ्यांदा चाललेय."

टीव्हीवर काही घातलंय का, मी विचारलं.

"लेकीनं विणलेलं कव्हर हाय. खाली झालर सोडलीय."

"मग ती झालरच टीव्हीच्या सेन्सरला आडवी येत असेल. जरा वर करून बघा."

मला वाटलं, प्रश्न सुटला. बाई मात्र पिंपळवंडीचा फाटा मागं पडला तरी रिमोटच पुसत होत्या. जुन्नर आलं तशा उठल्या.

"सासरी जाताना तिनं सोताच्या हातानं घातलंय ते. त्याला नाय हात लावायचा. रिमोटच दुसरा बघते."