ओलं फडकं

गेल्या रविवारी कळव्याच्या आमच्या जुन्या घराचा पोटमाळा साफ केला. फळ्यांवर हिरवट बुरशी चढली होती. मी बादलीत फडकं बुडवलं, तेव्हा घर रंगवायला आलेला रंगारी म्हणाला, "दादा, ओलं नका लावू. आधी सुकू दे, मग झाडू."

कुबट वास तोच होता. मी आठ वर्षांचा असताना, मोहने गावातल्या आमच्या तेव्हाच्या खोलीत माझा मोठा भाऊ सुधीर तापाने गेला. त्याचा एकच फोटो होता. आईला तो बघवेना. ओल लागू नये म्हणून तिने तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधला आणि तिथल्या पोटमाळ्यावर ठेवला. तिथेच त्याचा अख्खा पावसाळा गेला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी बाबांनी पुडकं सोडलं. फोटोभर पांढरी बुरशी पसरली होती.

"अगं, पुसलं की जाईल," बाबा म्हणाले.

"हळू पुसा हो. उद्या हार घालायचाय."

त्यांनी फडकं ओलं करून पिळलं आणि कपाळापासून खाली पुसत आणलं. बुरशीबरोबर फोटोचा रंगही फडक्यावर उतरला. आईने त्यांचा हात धरला, तोवर फडकं हनुवटीच्या खाली आलं होतं.

"मी जोरात नाही घासलं," बाबा म्हणाले.

पुढे कित्येक वर्षं मला बाबांचा राग येत असे. रविवारी माझ्याही हातात ओलंच फडकं होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आईने तोच फोटो फ्रेममध्ये बसवून त्याला हार घातला. फ्रेम आता माझ्याकडे आहे. तिच्यात शर्टाची कॉलर आणि वरची दोन बटणं दिसतात.