कोसा शालीची घडी
डांबरगोळ्यांचा वास आला की मला पुरस्काराचा तो दिवस आठवतो. आमच्या पाटबंधारे कार्यालयाच्या ग्रंथालयात तलावांचे जुने नकाशे घड्या घालून कोंबलेले होते आणि घडीवरच तुटत होते. मी ते एकेक उलगडून सपाट ठेवले, म्हणून विभागातल्या ग्रंथपाल संघटनेनं मला पुरस्कार दिला. भंडाऱ्याच्या सभागृहात संघटनेची चकचकीत शाल पांघरून मी मंचावरून उतरले, तर पवनीहून आलेले बाबा पिशवीतून स्वतःच्या मागावर विणलेली कोसा रेशमाची शाल काढत होते. "तुह्यासाठी विणली. घडी तूच मोडजो," ते म्हणाले. फोटोवाला हाका मारत होता. "घरी गेल्यावर, बाबा," मी म्हटलं. घरी वाटलं, इतकी देखणी शाल, एखाद्या मोठ्या प्रसंगालाच काढू. बाबा आले की विचारायचे, "काहून ठेवून राहिली बाई? पांघर ना!" मी शालीतल्या डांबरगोळ्या तेवढ्या बदलायचे. तसला प्रसंग काही आला नाही आणि बाबा गेले. आज कपाट आवरताना शाल उलगडली, तर रेशीम प्रत्येक घडीवर चिरलेलं. कार्यालयातले नकाशे मात्र अजून धड आहेत.